पीपीटीबरोबर बोलणंही पाठवा

३० जून २०१८ रोजी मनामामध्ये मुंबईचा प्रस्ताव मंजूर झाला. युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचं ४२वं अधिवेशन त्या वर्षी बहरीनमध्ये भरलं होतं आणि अध्यक्षपदी शेखा हया बिंत राशिद अल खलिफा होत्या. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची व्हिक्टोरियन गॉथिक रांग, तर पश्चिमेला मरीन ड्राइव्हपर्यंत पसरलेल्या आर्ट डेको इमारती, असा हा ९४ इमारतींचा समूह. समितीला सल्ला देणाऱ्या इकोमॉस या संस्थेने नावात थोडा बदल सुचवला, भारताने तो मान्य केला. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यानंतर मुंबईतलं हे तिसरं स्थळ यादीत गेलं.

अशा सभेत एकेका प्रस्तावाच्या सादरीकरणाला थोडीच मिनिटं मिळतात. पडद्यावर नकाशा येतो, चार-सहा फोटो येतात, की पुढच्या देशाची पाळी. पण सांगलीत आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीला आज त्या निर्णयामागचं सगळं घरबसल्या वाचता येतं. मूळ प्रस्ताव, इकोमॉसचं मूल्यमापन आणि समितीचा ठराव ही सगळी कागदपत्रं जागतिक वारसा यादीत १४८० या नोंद क्रमांकाखाली खुली आहेत. पडद्यावर कोणतं चित्र कधी आलं याला आता महत्त्व उरलेलं नाही. ते कशाच्या आधारावर दाखवलं, त्यावर कोणते आक्षेप निघाले आणि त्यातून काय ठरलं, हे सगळं वाक्यांमध्ये लिहून ठेवलेलं आहे.

त्याच मनामामध्ये मराठी माणसंही व्याख्यानं देतात. बहरीनमध्ये तीन लाखांच्या वर भारतीय राहतात. तेल, अ‍ॅल्युमिनियम, बँका, हॉस्पिटलं, शाळा अशा ठिकाणी काम करणारी ही माणसं सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी हॉलवर जमतात. कुणी मधुमेहावर बोलतं, कुणी गंजरोधक लेपांवर, कुणी मुलांच्या बारावीनंतरच्या प्रवेशांवर. भाषण संपलं, चहा आला की मागून हमखास आवाज येतो, “सर, पीपीटी ग्रुपवर टाका ना!” सर रात्री फाईल टाकतात. खाली अंगठे उमटतात, फुलं येतात. पुढच्या महिन्यात फोनची जागा भरली की ती फाईल इतर व्हिडिओंबरोबर पुसली जाते.

ती पुसली जाते याचं मला फारसं दुःख नाही. ज्यांनी ती जपून ठेवली त्यांच्याही हाती अर्धंच व्याख्यान लागतं, ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. स्लाइड बोलणाऱ्याच्या सोबतीला केलेली असते. ती जितकी चांगली, म्हणजे जितकी मोकळी आणि कमी शब्दांची, तितकी ती एकटी पडल्यावर मुकी होते. मग काही जण उलटं टोक गाठतात. नंतर पाठवायचीच आहे म्हणून स्लाइडवर परिच्छेदच्या परिच्छेद कोंबतात आणि भाषणाच्या वेळी पडद्याकडे तोंड करून तेच वाचून दाखवतात. त्यात ऐकणारा कंटाळतो आणि नंतर वाचणाऱ्यालाही तुटक मुद्द्यांपलीकडे काही मिळत नाही.

नेमकं काय हरवतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बहरीनमध्ये राहणारा, पुरातत्त्वाची आवड असलेला एखादा मराठी अभियंता ‘दिलमुन आणि लोथल’ या विषयावर बोलतो आहे. विषय बहरीनला आणि आपल्याला दोघांनाही जवळचा. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियन लेखांमध्ये ज्या दिलमुनचा उल्लेख येतो ते हेच बेट, असं अभ्यासक मानतात. सिंधू संस्कृतीशी त्याचा व्यापार होता. कलअत अल-बहरीन या टेकाडावर डॅनिश पथकाने १९५०च्या दशकात उत्खनन सुरू केलं, तेव्हा तिथे सिंधू पद्धतीची वजनंही निघाली.

आता त्याच्या तीन स्लाइड बघा. पहिल्या स्लाइडवर आली गावातल्या दफन-टेकाडांचा मोठा फोटो आणि त्यावर एकच आकडा, ११,७७४. दुसऱ्या स्लाइडवर दोन गोल मुद्रांचे फोटो शेजारी शेजारी. तिसऱ्यावर घनाकार दगडी वजनांची रांग आणि खाली ‘एकच माप!’ एवढेच शब्द. पडद्यावर या स्लाइड देखण्या दिसतील. हॉलमध्ये बसलेल्यांना सगळं समजेल, कारण वक्ता शेजारी उभा आहे.

तो बोलतो ते असं. २०१९ मध्ये दिलमुनची दफन-टेकाडं जागतिक वारसा यादीत गेली. त्या नोंदीत २१ जागा आहेत आणि त्या जागांवर मिळून सुमारे ११,७७४ टेकाडं आहेत. ती इसवी सनपूर्व २२०० ते १७५० या काळात बांधली गेली. सतरा राजथडगी तर दुमजली मनोऱ्यांसारखी होती. बेटावर एके काळी याच्या कित्येक पट टेकाडं होती, पण रस्ते आणि वसाहती वाढताना पुष्कळशी नाहीशी झाली. मुद्रांविषयी तो सांगतो की यातली एक बहरीनची आहे आणि दुसरी गुजरातमधल्या लोथलची. लोथलच्या मुद्रेवर पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९६३ मध्ये लेख लिहिला. आणि मग तो थांबून एक वाक्य जोडतो, “मात्र ही मुद्रा खोदकामाच्या थरात मिळालेली नाही, जमिनीवर पडलेली मिळाली. त्यामुळे थरावरून तिचं वय सांगता येत नाही.”

फाईल पुढे गेली की हे सगळं गळून पडतं. ११,७७४ हा नोंदलेल्या जागांवरचा आकडा आहे हे स्लाइडवर नाही, म्हणून वाचणारा तो संपूर्ण बहरीनचा धरतो. दोन मुद्रांपैकी लोथलची कोणती, हे कळायला मार्ग नाही. आणि ‘जमिनीवर पडलेली मिळाली’ हे वाक्य तर कुठेच नाही. अभ्यासकासाठी त्या स्लाइडबद्दलची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. बोलताना आपण ‘मात्र’, ‘बहुधा’, ‘फक्त एवढ्यापुरतं’ असे शब्द सहज वापरतो. स्लाइडवर जागा नसते म्हणून पहिली कात्री त्यांनाच लागते. ठाम विधान उरतं, त्याची मर्यादा हॉलमध्येच राहते. पुढे त्या स्लाइडचा स्क्रीनशॉट निघतो, तो तिसऱ्याच ग्रुपवर जातो आणि ‘लोथलमध्ये सापडलेला भक्कम पुरावा’ म्हणून फिरू लागतो. यात वक्ता कुठेही खोटं बोललेला नसतो.

चित्र आणि बोलणं यांची ही फारकत आपल्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आले. रामायण-महाभारतातल्या कथांची सुट्या कागदांवरची चित्रं, एका कथेची एक पोथी. कलाकार एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि त्यावरची कथा गाऊन, सांगून पुढे नेतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण शैलीची अशी चित्रं आहेत. ती पाहताना रंग दिसतात, रेषेचा जोर दिसतो, रथात कोण बसलंय याचा अंदाज येतो. पण इथे कथेकऱ्याने कोणती ओवी म्हटली असेल, कुठे थांबून प्रेक्षकांना प्रश्न टाकला असेल, हे काचेमागच्या कागदावरून समजत नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांसाठी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभारून ते थांबले नाहीत, कथा सांगायची रीतही त्यांनी घरात चालू ठेवली. चित्र आणि सांगणं दोन्ही टिकलं तरच चित्रकथी टिकते, हे त्या घराला पक्कं ठाऊक आहे.

आपल्या पीपीटीत दिलमुनचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाचा जीव जात नाही. पण स्लाइडला संपूर्ण अहवाल समजल्याने काय होऊ शकतं याचं एक दारुण उदाहरण भारतीय वाचकाला विसरता येण्यासारखं नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोईंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो नासाला स्लाइडच्या रूपात दिला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. खाली मुद्दे, त्याखाली उपमुद्दे, त्याखाली आणखी बारीक उपमुद्दे. अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा आहे आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर निष्कर्ष काढलाय त्यातला तुकडा ३ घनइंचांचा होता. म्हणजे प्रत्यक्षातला तुकडा ६४० पट मोठा. शीर्षकाचा पायाच उखडणारी ही गोष्ट सगळ्यात खाली गेली होती. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. अपघाताची कारणं अनेक होती, स्लाइड हे एकटं कारण नव्हतं. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं त्या स्लाइडचं विश्लेषण छापलं. तांत्रिक अहवाल लिहिण्याऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवरही अहवालाने स्पष्ट बोट ठेवलं.

मग करायचं काय? स्लाइड तशाच मोकळ्या ठेवा आणि प्रत्येकीखाली आपण जे बोललो ते लिहा. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. १९८७ मध्ये मॅकिन्टॉशसाठी पहिलं पॉवरपॉइंट आलं तेव्हाच त्यात स्लाइडखाली टिपणं लिहायची सोय होती. वर स्लाइड, खाली टिपण, अशी पानं पीडीएफमध्ये काढता येतात. भाषण फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर काम आणखी सोपं. ऐकत ऐकत प्रत्येक स्लाइडमागे चार-पाच वाक्यं उतरवायची. शब्दन्‌शब्द उतरवायची गरज नाही, पण आकडा कशाचा, फोटो कुठला, आपली खात्री किती, हे यायलाच हवं. प्रश्नोत्तरांत एखादा चांगला प्रश्न आला असेल तर तोही उत्तरासकट जोडा. हॉलमधला जाणकार श्रोता आपल्याला तिथेच दुरुस्त करतो आणि बहुतेक वेळा तो भाग कुठेच नोंदला जात नाही.

हे काम त्याच आठवड्यात उरकावं. महिन्याभराने उघडलं तर तिसऱ्या स्लाइडवर ‘एकच माप!’ का लिहिलं होतं, याचं उत्तर द्यायला स्वतः वक्त्यालाही अडखळावं लागेल.

फाईल बाहेर सोडण्यापूर्वी तिच्या पोटात काय आहे हेही बघायला हवं. बहरीनमधली आपली बरीच मंडळी कंपनीचंच काम समोर ठेवून बोलतात, म्हणून हे नीट सांगतो. एक्सेलमधला आलेख कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये डकवला की काही वेळा त्यामागची पूर्ण एक्सेल वहीच स्लाइडमध्ये बसते. पडद्यावर एक आलेख दिसतो, पण फाईल मिळालेल्या माणसाने त्यावर डबल क्लिक केलं की सगळे तक्ते उघडतात. त्यात ग्राहकांची नावं असू शकतात, दरही असू शकतात. फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग आपण मुद्दाम काढून टाकेपर्यंत फाईलमध्येच राहतो. लपवलेल्या स्लाइड, सहकाऱ्यांच्या शेरेबाजीच्या कॉमेंट, स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा, हे सगळं मूळ फाईलबरोबर जातं. म्हणून बाहेर पाठवायची ती पीडीएफ, आणि तीही एकदा पान पान उलटून पाहिलेली. पेशंटचा एक्स-रे असेल तर कोपऱ्यातलं नाव आणि नंबर आधी पुसा. बहरीनचा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा, २०१८चा ३० क्रमांकाचा, १ ऑगस्ट २०१९ पासून लागू आहे. कुणाची ओळख पटेल अशी माहिती ग्रुपवर टाकणं ही आता फक्त संकोचाची बाब राहिलेली नाही. नोकरीतल्या कामावर बोलला असाल तर स्लाइड बाहेर द्यायला कंपनीची लेखी परवानगी घ्या. भाषणाची परवानगी मिळाली म्हणजे फाईल वाटायचीही मिळाली, असं गृहीत धरू नये.

चित्रांचंही तसंच आहे. इंटरनेटवरून उचललेला फोटो चाळीस माणसांच्या हॉलमध्ये दाखवणं आणि तोच जगासमोर कायमचा ठेवणं यात फरक आहे. बहरीनचा कॉपीराइट कायदा २००६चा आहे, आपला १९५७चा, आणि दोन्ही देश बर्न करारात आहेत. एका देशात काढलेल्या फोटोला दुसऱ्या देशातही संरक्षण मिळतं. शक्यतो स्वतः काढलेले फोटो वापरा. आलीची टेकाडं मनामाहून गाडीने जवळच आहेत. ज्या चित्रांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे ती घ्यायला हरकत नाही, फक्त श्रेय त्या चित्राखालीच द्या. शेवटच्या स्लाइडवर सगळ्या चित्रांची एक भली मोठी यादी लावली तर ती कुणी वाचत नाही. जागतिक वारसा यादीतली स्थळांची छोटी वर्णनंसुद्धा अशाच परवान्याखाली आहेत.

आणि तोच परवाना आपल्या स्लाइडलाही लावावा. काहीच लिहिलं नाही तर कायद्याने सगळे हक्क राखीव ठरतात. मग नाशिकची एखादी शिक्षिका आपला नकाशा वर्गात वापरायला बिचकते. ‘श्रेय देऊन वापरा’ एवढं पहिल्या पानावर लिहिलं की तिचा प्रश्न मिटतो.

मराठीतून बोलणाऱ्यांपुढे एक खास अडचण आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. युनिकोड वापरलं तर हा धोका बराच टळतो, तरी तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल तर ओळी घसरतात. पीडीएफमध्ये फाँट आत बांधला जातो, अक्षरं जशीच्या तशी दिसतात. पण त्याच पीडीएफमधून मजकूर कॉपी करून पाहा. कित्येकदा वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात, जोडाक्षरं फुटतात. डोळ्यांना नीट दिसणारा मजकूर शोधयंत्राला मात्र तुटका दिसतो, आणि ‘दिलमुन’ शोधणाऱ्या मराठी वाचकापर्यंत आपली फाईल पोचतच नाही. उपाय एवढाच की पीडीएफच्या शेजारी तीच टिपणं साध्या युनिकोड मजकुरात ठेवायची. विषयाचं नाव, तारीख, ठिकाण, वक्त्याचं नाव आणि प्रत्येक स्लाइडमागची वाक्यं. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकालाही तोच मजकूर उपयोगी पडतो. मराठीतलं चांगलं ज्ञान इंटरनेटवर दिसत नाही अशी तक्रार आपण करतो. त्यातलं पुष्कळसं असं फाईलींच्या आत अडकलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे ठेवायचं कुठे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही बातमी द्यायची जागा आहे, साठवणीची नव्हे. तिथे फाईलऐवजी लिंक द्यावी. स्लाइड ऑनलाइन ठेवायची मोठी सोय ज्या स्लाइडशेअरने २००६ मध्ये उभी केली, तिच्या संस्थापकांत रश्मी सिन्हा आणि अमित रंजन होते आणि बरंचसं काम दिल्लीतून चालायचं. २०१२ मध्ये लिंक्डइनने ती विकत घेतली, २०२० मध्ये ती स्क्रिब्डकडे गेली. मालक बदलले की नियम बदलतात. आज फुकट उतरवता येणारी फाईल उद्या खातं उघडल्याशिवाय मिळेलच असं नाही. त्यामुळे अशा जागी ठेवायला हरकत नसली, तरी एकच प्रत तिथे आणि दुसरीकडे कुठेही नाही, असं करू नये. व्याख्यान भरवणाऱ्या मंडळाची वेबसाइट असेल तर तिथे व्याख्यानांचं एक पान असावं. अभ्यासाचं, संशोधनाच्या अंगाने केलेलं व्याख्यान असेल तर झेनोडो ही जागा मला सगळ्यात भरवशाची वाटते. युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत ती २०१३ पासून चालते आणि वापरायला विनामूल्य आहे. ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला तिथे डीओआय म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो, त्यामुळे लेखात किंवा प्रबंधात संदर्भ देता येतो. विद्यापीठातच असलं पाहिजे अशी अट नाही. बहरीनमधला अभियंताही आपलं दिलमुनवरचं व्याख्यान तिथे ठेवू शकतो.

तिथली आणखी एक सोय मला फार आवडते. स्लाइड बाहेर गेल्या की कुणीतरी चूक दाखवतंच, आणि ते चांगलंच आहे. समजा, एखाद्या वाचकाने कळवलं की दुसऱ्या स्लाइडवर बहरीनची आणि लोथलची मुद्रा उलटसुलट लागली आहे. अशा वेळी जुनी फाईल गुपचूप बदलायची नाही, कारण तोवर ती कुणीतरी वापरलेली असते. झेनोडोवर दुरुस्त आवृत्ती चढवली की तिला नवा क्रमांक मिळतो, जुनी तिच्या क्रमांकासह तशीच राहते आणि सगळ्या आवृत्त्यांना जोडणारा एक वेगळा क्रमांक असतो, तो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. स्वतःच्या वेबसाइटवर हेच हाताने करता येतं. पहिल्या पानावर आवृत्तीची तारीख टाकायची, खाली काय बदललं ते एका ओळीत लिहायचं आणि ज्याने चूक दाखवली त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव द्यायचं. मग ग्रुपवर पुन्हा एकदा तीच लिंक टाकायची, या वेळी ‘दुसरी स्लाइड दुरुस्त केली आहे’ एवढं लिहून.